दोन हातांचा नियम

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पाच महिने झाले. फोनवर तू बरी आहे म्हणतेस, पण ती काही माहिती नव्हे. घाईचं फोनवर आणि महत्त्वाचं पत्रात, असं आपलं ठरलेलं आहे. तेव्हा हे नीट बसून वाच.

वाचनालयाच्या मागच्या खोलीतले अकरा संगणक तुला आठवत असतील. कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेले. चार वर्षांपूर्वी दोन दिवस राहून तू त्यांत तुमची ती विनामूल्य सिस्टिम घातलीस आणि मेलेली यंत्रं चालू झाली. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस ती खोली मी उघडते. एक म्हातारे शिंपी तिथे कपडे बेतण्याचं पुस्तक टाइप करतात, दोन बोटांनी, बाहीपर्यंत पोचलेत. दोघी जणी नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करतात. बाकीचे अर्ज भरतात. एकही खुर्ची रिकामी नसते.

काल सकाळी अकराही पडद्यांवर सूचना आली: मेअखेरच्या आवृत्तीपासून या जुन्या जातीच्या यंत्रांसाठी सिस्टिम मिळणार नाही. म्हणजे दुरुस्त्या बंद, आणि दुरुस्त्या बंद म्हणजे लोकांचे अर्ज आणि कागदपत्रं उघड्यावर. आमचे चिटणीस अशा संधीची वाटच पाहत होते. त्या खोलीत त्यांना मोडक्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. तुमची सिस्टिम बंद त्या दिवशी खोली बंद, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

या वर्षी त्या आवृत्तीची प्रमुख तू आहेस, असं तुझे बाबा छाती फुगवून सांगत होते. मग हे चाललंय काय? मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आहे. प्रमुखाच्या एका सहीने काय काय होतं ते मला माहीत आहे. ती सही कर.

प्रकृतीला जप. माया आहे तशीच आहे. उत्तर आलं तर थोडी जास्त.

तुझी आत्या

दि. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाच महिन्यांबद्दल कान पकडते.

प्रमुख हा शब्द बाबांचा. आमच्यात प्रमुख म्हणजे सगळ्यांच्या मागे लागणारं माणूस. आम्ही चारशे जण आहोत आणि पगार एकालाही नाही. नोकरी, मुलं, आजारपणं यांतून उरलेल्या वेळात जो तो काम करतो. मी कुणाला हुकूम सोडू शकत नाही, फक्त विनवू शकते. विनवलेलं माणूस उद्यापासून यायचं थांबलं तर त्याला नोटीसही देता येत नाही. बहुतेकांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. टोपणनावांनी ओळखतो एकमेकांना. माझं तिथलं नाव मुंगी.

तुझ्या अकरा यंत्रांचं असं आहे. माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर सगळ्यांसाठी उघडा असतो, पण यंत्रावर तो चालावा म्हणून त्याची बांधणी करावी लागते. बांधणाऱ्याने मध्येच काही घुसडलं तर कळणार कसं? म्हणून आमचा दोन हातांचा नियम. यंत्राच्या प्रत्येक जातीसाठी दोन माणसं, एकमेकांपासून लांब, आपापल्या यंत्रावर तीच बांधणी करतात. प्रत्येक बांधणीचा चौसष्ट अक्षरांचा एक ठसा निघतो. आत एक टिंब हललं तरी सगळा ठसा बदलतो. दोघांचे ठसे जुळले तरच आवृत्ती बाहेर.

जुन्या यंत्रांसाठी असे दोघे होते. त्यांतल्या एकीला गेल्या वर्षी जुळी झाली. आता तिला स्वतःचा चहा प्यायला वेळ नाही. उरला तो कासव नावाचा एक जण. एकोणीस वर्षं ही बांधणी करतोय. पंधरा मेपर्यंत दुसरा हात मिळाला नाही तर जुनी यंत्रं वगळायची, असं मतदानाने ठरलं. मीही त्याच बाजूने मत दिलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. न तपासलेली वस्तू लोकांच्या हाती देणं मला पटत नाही.

सहा महिने माणूस शोधतेय. जुनं यंत्र, मोकळा वेळ आणि चिवटपणा, तिन्ही असलेलं कुणी तुझ्या ओळखीत असेल तर कळव.

रागावलीस तरी पत्राने रागाव, म्हणजे तेवढंच पत्र येईल.

तुझी ठकू

दि. ३ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

चिवट माणूस मिळालं. मीच.

नाव नोंदवताना टोपणनाव विचारलं, तिथे मी आत्या लिहिलं. आता चारशे अनोळखी माणसं मला आत्या म्हणतात. तुझ्या बाबांना हसू आवरत नाहीये. हसू दे.

तुमचा दोन हातांचा नियम मला शिकवायला नको. मी कॉलेजातून बाहेर पडून सांख्यिकी कार्यालयात लागले तेव्हा आकडे कार्डांवर भोकं पाडून साठवत. एका मुलीने कार्डं पाडायची, दुसरीने त्याच कागदावरून त्याच कार्डांवर पुन्हा तेच टाइप करायचं. फरक पडला की दुसरीचं यंत्र जागच्या जागी अडकायचं. चाळीस यंत्रं आणि एका खोलीत असा खडखडाट की आम्ही ओठ वाचून बोलायला शिकलो होतो. पहिलीला दुसरीचा राग यायचा. दुसरी मी होते. नऊ वर्षं. सबंध लोकसंख्या माझ्या बोटांखालून गेली आहे.

पहिली बांधणी उरकायला मला सहा दिवस लागले. यंत्र तीनदा तापून बंद पडलं. कासव या गृहस्थांनी अकरा निरोपांतून मला सगळं समजावलं, न कंटाळता; तेवढं श्रेय देते. यंत्राचं एका बाजूचं झाकण काढून ठेवायचं, हे त्यांनीच सांगितलं. परवा बांधणी पूर्ण झाली. माझा ठसा काढला, त्यांच्या ठशाशी ताडून पाहिला. जुळला नाही. पुन्हा केली. पुन्हा नाही. माझे दोन ठसे मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळतात. म्हणजे चूक त्यांच्याकडे.

तसं मी सगळ्यांसमोर लिहिलं आहे. दुसरा हात नसताना वर्षभर हे गृहस्थ काय बांधत होते कोण जाणे, आमच्या कार्यालयात असा निष्काळजीपणा चालला नसता, असं. पाल्हाळ लावला नाही.

आता तू प्रमुख म्हणून लक्ष घाल. प्रेम आहेच, पण काम आधी.

तुझी आत्या

दि. १३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कासव गेला.

काल त्याचा एका ओळीचा निरोप आला. बांधणीच्या किल्ल्या परत करतो, सर्वांना शुभेच्छा, एवढंच. रुसणं नाही, भांडण नाही. म्हणूनच तो परत येणार नाही असं वाटतं.

दोन्ही बांधण्या मी शेजारी शेजारी ठेवून ताडल्या. सव्वा लाख फाइलींपैकी एकाच फाइलीत फरक आहे, तोही चार आकडी एका संख्येचा. डिस्क किती भरली ते दाखवणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्याच्या मदतीच्या पानावर तळाशी करणाऱ्याचं नाव आणि शेजारी वर्ष येतं. ते वर्ष बांधणीच्या वेळी यंत्राच्या घड्याळातून उचललं जातं. आत्या, तुझ्या यंत्राचं घड्याळ बघ. आतली छोटी बॅटरी मेलेली असणार. यंत्र बंद केलं की ते वीस वर्षं मागे जातं. तुझ्या बांधणीत वीस वर्षांपूर्वीचं साल छापलं गेलंय. दोन्ही वेळा तेच, म्हणून तुझे ठसे आपसांत जुळले.

प्रोग्रामात खोट आहेच. घड्याळावर विसंबायचं नाही असा आमचा दंडक आहे. आमची आवृत्ती दर वेळी मेमध्ये निघते, दोन्ही हात एकाच वर्षात बांधतात, म्हणून ती इतकी वर्षं कुणाला दिसली नाही. एकतीस डिसेंबर आणि एक जानेवारी असं झालं असतं तर तेव्हाच उघडी पडली असती. तुझ्या मेलेल्या बॅटरीने ती पकडली.

पण त्यात कासवाचं बोटभरही चुकलेलं नव्हतं. तुला जमलं तर त्याची माफी मागशील का? चार शब्दांत. तुझे चार शब्द साधारण कसे असतात ते मला माहीत आहे, म्हणून पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाच.

काळजीत आहे. आशीर्वाद जरा जास्त पाठव.

तुझी ठकू

दि. १८ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

बॅटरी बदलली. नाण्याएवढी असते. घड्याळांच्या दुकानात मिळाली.

माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण आरोपही सगळ्यांसमोर केला होता. चूक माझ्या यंत्राची होती, घाई माझी होती, ताडून पाहण्याआधी बोट दाखवणारी माणसं मी स्वतः कामावरून हलवलेली आहेत, असं लिहिलं. मोठ्याने वाचलंही. शिंपी समोर बसले होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे बरं जमलं असावं.

आता तुझ्याकडे वळते.

मी ते पहिलं लिहिलं दोन मार्चला. कासव गेले बारा मार्चला. दहा दिवस तू काय करत होतीस? दुसऱ्या कुणी एवढं उद्धट लिहिलं असतं तर प्रमुख म्हणून तासाभरात हटकलं असतंस. मला हटकलं नाहीस, कारण मी तुझी आत्या. आणि आपलं नातं तिथे कुणाला माहीत नाही. सगळेच मला आत्या म्हणतात, त्यांत तूही म्हणतेस, झाकून गेलं. घरच्या माणसाला पाठीशी घातलंस आणि परक्याला उघड्यावर सोडलंस.

दुसरं. तो मूळ मजकूर सगळ्यांसाठी उघडा असतो, हे तूच मला सांगितलंस. मग मी तो उघडला. डिस्क दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या तळाशी, त्या वर्षाच्या शेजारी, करणाऱ्याचं नाव आहे मुंगी. पंधरा वर्षांपूर्वीची तारीख. तू एकोणीस वर्षांची होतीस. चूक होण्याजोगं वय आहे. लपवण्याजोगं वय चौतीस नव्हे.

मी काय करायला हवं ते सांगणार नाही, तुला अक्कल आहे. मला फक्त कासवांचा पोस्टाचा पत्ता मिळवून दे. असल्या गोष्टी पडद्यावर चारशे जणांच्या मध्ये बसून लिहायच्या नसतात.

कडक लिहिलं आहे. माया कमी झाली असती तर इतकं लिहिलं नसतं.

तुझी आत्या

दि. २९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस पाकिटातून बाहेर काढलं नाही. मग काढलं.

सगळं लिहिलं मी तिथे. आत्या ही माझी सख्खी आत्या, ती बोलत असताना मी गप्प बसले, आणि ज्या खोटीपायी कासवाला ऐकून घ्यावं लागलं ती माझ्या हातची, माझ्या पहिल्यावहिल्या प्रोग्रामातली. स्वतःचं नाव छापलेलं बघायची हौस होती म्हणून ते पान केलं होतं. वर्ष आपोआप बदलेल, केवढी हुशार मी, असं तेव्हा वाटलं होतं. ती ओळ पुसून खोट काढली. प्रमुखपद सोडायची तयारीही लिहिली.

दोन जणांनी सोडच म्हटलं, आणि चुकीचं म्हटलं असं मला वाटत नाही. मतदान झालं. एकसष्ट विरुद्ध अठ्ठेचाळीस. राहिले, पण अठ्ठेचाळीस हा आकडा विसरण्यासारखा नाही. तो भिंतीवर लिहून ठेवलाय.

त्यानंतर जे झालं ते मी कुणालाही करायला सांगितलं नव्हतं. लोक कासवाला लिहायला लागले. एका हवामान केंद्रातला माणूस: बारा वर्षं पाऊस मोजतोय, याच जुन्या सिस्टिमवर. एका छापखान्याची मालकीण. एक मासेमारीच्या बोटीवरचा तांडेल, त्याचं यंत्र खाऱ्या हवेत दोनदा गंजलं तरी चालतंय. कासवाचे आभार कुणी आजवर मानलेच नव्हते, आत्या. जे रोज नीट चालतं त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्रेपन्न निरोप झाले. त्याचं उत्तर नाही.

पत्ता सोबत आहे. त्याच्या परवानगीने मिळाला, म्हणजे दार अगदी लावून घेतलेलं नाही.

मला दमले आहे म्हणायची परवानगी दे. ठीक आहे मात्र. आतून हलकं वाटतंय.

तुझी ठकू

दि. १७ एप्रिल

आदरणीय आत्याबाई,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. इतक्या सुवाच्य अक्षरात माझी माफी आजवर कुणी मागितली नव्हती. अडचण एवढीच, की मी आपल्यावर रागावलो नव्हतो.

मी दंतवैद्य आहे. लोक माझ्या खुर्चीत बसतात ते आधीच मला नावं ठेवत. आपल्या एका वाक्याने मी गेलो असतो तर हा धंदा पहिल्याच वर्षी सोडला असता. बांधणीचं यंत्र माझ्या खुर्चीशेजारीच असतं. एका बांधणीला सहा तास लागतात, तेवढ्यात माझे नऊ-दहा रुग्ण होतात. पंख्याचा आवाज ऐकून त्यांना ते दातांचंच काहीतरी यंत्र वाटतं, आणि ते जास्त वेळ तोंड उघडं ठेवतात. मी खुलासा करत नाही.

गेलो ते दुसऱ्या कारणाने. आपण लिहिल्यावर दहा दिवस मी रोज सकाळी बघत होतो. कुणीतरी एक ओळ लिहील, हा माणूस एकोणीस वर्षं हे करतोय, आधी तपासून बघू, एवढंच. चारशे जणांनी वाचलं. एकाने लिहिलं नाही. तेव्हा वाटलं, मी तिथे नसलो तरी कुणाला कळणार नाही. आभारांची सवय मला नाही. दात काढल्यावर कोण आभाराचं पत्र पाठवतं? पण माझ्या बाजूने कुणीच उभं राहत नाही, हे वेगळं लागतं.

मुंगीने लिहिलेलं वाचलं. त्रेपन्न निरोपही वाचले. छापून घेतले आणि प्रतीक्षेच्या खोलीत मासिकांखाली ठेवले. कालच एका बाईने नंबर आला तरी उठायला नकार दिला, तांडेलाचं पत्र अर्धं राहिलं होतं म्हणून.

परत येईन असं आजच लिहीत नाही. आपल्या पिढीची माणसं शब्दाला शब्द धरतात, म्हणून जपून लिहितो.

आपली मर्जी राहावी.

आपला,
कासव

दि. २२ एप्रिल

रा. रा. कासव यांस,
स. न. वि. वि.

शब्द मागत नाही.

अंतिम मजकूर नऊ मेला गोठवणार आहेत. दहा मेला सकाळी ठीक आठ वाजता मी या वाचनालयात, बाजूचं झाकण काढून, बांधणी सुरू करीन. दुपारी दोनच्या सुमारास माझ्याकडे ठसा असेल. तो एकटा कुणाच्या कामाचा नाही, हे आपण जाणताच. तरीही मी बांधणार, कारण मी हे काम घेतलं आहे.

खाली वाचनालयाचा फोन नंबर देत आहे. आपण फोन केला नाही तर मी आपल्याला बोल लावणार नाही. आपल्याबद्दल वेडंवाकडं बोलणाऱ्याला मात्र यापुढे आधी माझ्याशी बोलावं लागेल. तसं तिथे लिहून टाकलं आहे.

रुग्णांना माझा नमस्कार. कळावे.

आपली,
आत्या

दि. ११ मे

चि. ठकूस,
अ. आ.

निकाल तुला काल पडद्यावर कळलाच. पण कसा झाला ते पत्रातच सांगायचं.

आठला सुरू केलं. साडेअकराला चिटणीस आले, टेप घेऊन खोली मोजायला. शिंप्यांनी त्यांना सांगितलं की माप घ्यायचं काम त्यांचं आहे, टेप इकडे द्या. आणि खरोखरच टेप काढून घेतली. नर्सिंगवाल्या दोघी यंत्राला पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मी त्यांना अभ्यास करा म्हटलं, ऐकलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी माझा ठसा आला. फोन वाजला नाही. अडीच झाले. पावणेतीन झाले. मी काही घाबरणारी बाई नाही, पण पावणेतीनला मी खुर्ची सरळ करायला उठले आणि ती सरळच होती.

तीनला पाच मिनिटं असताना फोन आला. आवाज बारीक, अगदी घाईचा. उशिराबद्दल क्षमा मागत म्हणाले की एका अक्कलदाढेने वेळ खाल्ला, रुग्ण अजून खुर्चीतच आहे. मी म्हटलं, ठसा वाचा. ते म्हणाले, आधी आपण. मी म्हटलं, आपण एकोणीस वर्षं आधी आलात, आपण वाचा. मग त्यांनी चार-चार अक्षरं करून वाचला आणि मी माझ्या कागदावर एकेका अक्षरावर पेन्सिल टेकवत गेले. चौसष्टाव्या अक्षराला पेन्सिल टेकली आणि मी कागदाखाली तारीख घातली. त्यांनीच विचारलं, काय झालं. मी जुळलं म्हटलं. पलीकडून कुणीतरी तोंडात बोळा असतानाच ओरडलं. तो रुग्ण. काय चाललंय ते त्या माणसाला कुणी तरी सांगितलं असावं.

चिटणीसांनी दोन वर्षांची लेखी परवानगी दिली आहे. मी मसुदा तयार ठेवला होता.

माझ्या नोकरीत माझी एकही मोजणी परत आली नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण तिथे मला पगार होता, शिपाई होता, माझ्या शब्दाला घाबरणारी माणसं होती. तुझ्याकडे यांतलं काही नाही. तू विनवण्या करतेस, चुकलीस तर चारशे जणांसमोर चुकले म्हणतेस, अठ्ठेचाळीस हा आकडा भिंतीवर लिहितेस, आणि एवढ्या परक्या माणसांकडून एक सबंध सिस्टिम वेळेवर बाहेर काढतेस. हे मला जमलं नसतं. आमच्या घराण्यात हे आधी कुणाला जमलेलं नाही. तुझ्या बाबांनी छाती फुगवली तेव्हा मी त्यांना गप्प केलं होतं. आज त्यांना फोन करून सांगितलं, फुगव.

तुझी,
आत्या